पास की परत

मी ट्यूनर बोलतोय. आता लगेच 'म्हणजे रेडिओच ना?' असं विचारू नका, या एका प्रश्नाने मला जन्मभर पिडलंय. रेडिओला स्वतःचं तोंड असतं, मला नाही. मी हवेतून स्टेशन पकडतो, ते स्वच्छ करतो आणि मागच्या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करतो. तो त्यात जोर भरतो, स्पीकर बोलतात, आणि ऐकणारे स्पीकरची पाठ थोपटतात. अडतीस वर्षं हे असंच चाललंय. तेव्हा मी 'बोलतोय' म्हटलं तरी ते जरा सांभाळूनच घ्या.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्या वाट्याला एक चष्मेवाली बाई आली होती. तिच्या हातात प्लास्टिकचा एवढासा स्क्रू-ड्रायव्हर होता. तिने माझ्या पोटातला एकेक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला, आणि माझ्या छोट्या खिडकीतला काटा अगदी मधोमध उभा राहिला तेव्हा कुठे ती हसली. हा काटा लक्षात ठेवा. स्टेशन जरासं हुकलं की तो कलतो, नेमकं लागलं की सरळ उभा राहतो. आमच्या जातकुळीत काटा सरळ असणं ही अब्रूची गोष्ट आहे. याच काट्याने पुढे मला एका माणसाच्या लबाडीत सामील करून घेतलं, पण ते ओघाने येईलच.

मला घरी आणलं ते पंख्याच्या कारखान्यातल्या एका तपासनिसाने. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोला वाटलं होतं, नवरा कपाट आणायला गेलाय. आला तो मला काखेत घेऊन. "यात कपडे कुठे ठेवायचे?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं, आणि आमचे संबंध तेव्हापासून जे ताणले गेले ते गेलेच.

त्या माणसाचं काम ऐकण्यासारखं होतं. अक्षरशः! तयार पंखा समोर टांगायचा, चालू करायचा, हा डोळे मिटून खाली उभा राहायचा आणि एकच शब्द बोलायचा. 'पास' किंवा 'परत'. पास झाला की पंखा खोक्यात, परत झाला की पुन्हा टेबलावर. यंत्रं लावून तपासणारे साहेब लोकही शेवटी त्याच्याकडे बघायचे. कुठल्या पंख्याच्या पोटात काय दुखतंय ते त्याला सहा हातांवरून कळायचं. लोक त्याला 'कानवाले' म्हणायला लागले. पुढे त्याची बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, "विचारा त्या कानवाल्यांना, माझं सोडून सगळ्या जगाचं ऐकू येतं त्यांना."

सुरुवातीची वर्षं माझी सुखात गेली. संध्याकाळी तो कामावरून आला की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचा. माझं मोठं बटण दोन बोटांत धरून असं फिरवायचा की मलाच बरं वाटायचं. आवाज किती ठेवायचा तेही त्याने एकदाच ठरवलं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून टाकला. त्याच्यापुढे बटण न्यायचं नाही. "मोठ्याने लावणं म्हणजे ऐकणं नव्हे," असं तो आल्यागेल्याला सुनवायचा.

मग टीव्ही आला आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी आली. फुलदाणीतलं पाणी सांडलं की बाईसाहेब, म्हणजे त्याची बायको, मलाच बोलायच्या. पुढे कॅसेट आल्या, सीडीच्या चकत्या आल्या, सगळं जग खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसलं, आणि मी या घरातलं 'ते खोकं' झालो. वीस वर्षं मी खोकं होतो. आणि एक दिवस उठून पाहतो तर मी 'व्हिंटेज'! मी होतो तिथेच होतो, माझ्यावरची धूळही तीच होती, फक्त माझं नाव बदललं होतं. माणसांना एखाद्या वस्तूची किंमत कळायला ती आधी अडगळीत जावी लागते, हे मी तेव्हा शिकलो.

ही बातमी आणली कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. त्याने फोनवर कुठेसं वाचलं होतं की जुन्या ट्यूनरच्या आवाजात एक उबदारपणा असतो, तो हल्लीच्या यंत्रांना साधत नाही. तो शेजारच्या दुकानातल्या टेलरला घेऊन आला. दोघं माझ्यासमोर बसले, ऐकलं, आणि औषधवाला म्हणाला, "बघा, बघा! आला की नाही उबदारपणा?" टेलरला काही आला नव्हता, पण तो भिडेचा माणूस, म्हणाला, "आला की." तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक भरायला लागली. कानवाल्यांनी नियमही घालून दिले. दार बंद. पंखा बंद. आणि कानवाल्यांनी डोळे उघडेपर्यंत कोणीही तोंड उघडायचं नाही.

आता खरं सांगतो. कानवाल्यांना ऐकू येत नव्हतं.

कारखान्यात तीस वर्षं पंख्यांखाली उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आधी बारीक आवाज गेले, मग मधले, आणि नोकरी संपता संपता मी लाल ठिपक्यावर जे काही बोलत होतो ते त्यांच्यापर्यंत पोहोचेनासं झालं. ठिपक्यापुढे बटण नेलं असतं तर कदाचित पोहोचलं असतं. पण ते नेणं म्हणजे कबुली देणं, आणि कबुली देतील तर ते कानवाले कसले!

मग ते स्टेशन कसं लावायचे? माझा काटा बघून! डोळे मिटल्यासारखे करायचे, पापणीच्या फटीतून माझ्या खिडकीकडे बघायचे आणि काटा सरळ झाला की हात थांबवायचे. स्टेशन इतकं नेमकं लागायचं की औषधवाला मांडीवर थाप मारायचा. "काय कान आहेत!" मी मनात म्हणायचो, कान कसले, काटा माझा आहे. पण सांगणार कोणाला? मला तोंड नाही हे मी आधीच सांगितलंय.

माणसांशी बोलताना ते ओठांकडे बघायचे. फोन आला की "मला नाही आवडत फोनवर बोलायला" म्हणून बायकोच्या हातात द्यायचे. आणि बायकोला संशय यायचा प्रश्नच नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ते तिचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होते. आता पहिल्याच कानाशी गाडी थांबत होती, एवढाच काय तो फरक.

याच सुमाराला माझ्याही पोटात दुखायला लागलं. एक कंडेन्सर म्हातारा झाला आणि माझ्या आवाजामागे बारीक घूं घूं सुरू झाली. मला वाटलं, आता झाली बोंब. पण कोणी काही म्हणेना. उलट औषधवाला म्हणाला, "उबदारपणा वाढलाय." माझ्या दुखण्याला त्याने गुण ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं.

आता या घरातल्या लेकीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. एकुलती एक, तीही लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. जन्मतः एवढीशी होती म्हणून तिला सगळे बारकी म्हणतात, आता ती बापापेक्षा उंच आहे. बारकी शहरातल्या एका लहानशा रेडिओ स्टेशनवर कामाला होती. दोन वर्षं तिने तिथे दुसऱ्यांचे कागद लावले, दुसऱ्यांना पाणी आणून दिलं. आणि एका बुधवारी ती घरात नाचतच आली. "आई! बाबा! रविवारी दहा वाजता मी बोलणार! दहा मिनिटं, एकटी! जमलं तर पुढचे चार रविवार मलाच देणार आहेत!"

बाबांनी तिच्या ओठांवरचं 'रविवारी' आणि 'मी बोलणार' पकडलं आणि तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो आनंदाचाही होता आणि पार उतरलेलाही.

शनिवारी बाईसाहेबांनी माझी साफसफाई काढली. लेक माझ्यातून बोलणार म्हणून माझ्यावर एवढी मेहेरबानी! फुलदाणी हलवली, काच पुसली, मला पुढे ओढून मागची धूळ काढली आणि पुन्हा मागे ढकललं. त्या ओढाताणीत माझी मागची वायर सुटली. मी ओरडलो असतो, पण कशाने ओरडणार? ओरडायची वायर तीच होती.

रविवार आला. टेलर नवा शर्ट घालून आला, औषधवाल्याने दुकान अर्धा तास बंद ठेवलं. बाईसाहेब म्हणाल्या, "मी आपली स्वयंपाकघरात फोनवरच ऐकते. तुमच्या त्या बैठकीत शिंकायचीही चोरी." दार बंद झालं, पंखा बंद झाला. कानवाल्यांनी मला चालू केलं, दोन बोटांनी बटण फिरवलं आणि काटा सरळ उभा केला. इतका सरळ तो त्या चष्मेवाल्या बाईपुढेही उभा राहिला नसेल.

आणि खोलीत नीरव शांतता.

माझ्या पोटात मात्र बारकी बोलत होती. "आमच्या घरात पंखा बिघडायच्या आधीच दुरुस्त व्हायचा," तिने सुरुवात केली. "मी सहा वर्षांची होते. बाबांनी मला पंख्याखाली उताणं झोपवलं आणि म्हणाले, डोळे मीट आणि सांग याला काय होतंय. मी म्हटलं, वारा येतोय. ते म्हणाले, वारा सोड, वारा सगळ्यांनाच येतो. तू ऐक." तिचा आवाज आधी थरथरत होता, मग सावरला. सगळं ती बापाबद्दलच बोलली. ऐकायला कसं शिकवलं, खोटं कौतुक कसं कधी केलं नाही. त्या खोलीत ते एकट्या मला ऐकू येत होतं. आयुष्यात इतकं चांगलं काही माझ्या हाती लागलं नव्हतं, आणि ते बाहेर द्यायला मला वाटच नव्हती.

कानवाले डोळे मिटून बसले होते. मान हळूहळू डोलत होती. मध्येच त्यांनी "वा!" केलं. टेलरने दचकून औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाल्याने छताकडे पाहिलं. बोलायची सोय नव्हती, आणि असती तरी कोण बोलणार? कानवाल्यांना ऐकू येतंय आणि आपल्याला येत नाही, म्हणजे खोट कोणात असणार हे दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटी बारकी म्हणाली, "आता बाबा घरी समोर बसून ऐकत असतील. बाबा, मी आल्यावर एकाच शब्दात सांगा. पास की परत?"

कानवाल्यांनी पापणीच्या फटीतून घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. डोळे उघडले, लांब श्वास सोडला. "काय स्वच्छ बोलली पोरगी! एक अक्षर खाल्लं नाही."

"आणि मागची शांतता केवढी!" औषधवाला म्हणाला. "इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती."

"मला तर वाटलं, आवाज खोलीत नाहीच," टेलर म्हणाला. तो एकटाच खरं बोलला, पण तेही कोणाला कळलं नाही.

"तीच तर या जुन्या ट्यूनरची करामत," कानवाले म्हणाले. मी लाजेने काळाठिक्कर पडलो असतो, पण मी आधीच काळा आहे.

तेवढ्यात बाईसाहेब हातातल्या फडक्याने तोंड पुसत बाहेर आल्या. "अहो, काय उत्तर देणार आता तिला?" फडकं ओठांवर, त्यामुळे कानवाल्यांना काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "हो हो."

साडेबाराला बारकी आली. चप्पलही न काढता बाबांसमोर उभी राहिली. "बोला."

"छान झालं. उच्चार अगदी स्वच्छ."

"आणि?"

"आणि काय? आवाज खणखणीत."

"मी शेवटी विचारलं होतं त्याचं काय?"

कानवाल्यांनी उगाच माझं बटण पुसलं. मग म्हणाले, "त्याचं असं आहे, विचार करून सांगतो."

मला त्या क्षणी तोंड असतं तर! एका शब्दाचं उत्तर होतं. दोनपैकी एक. आणि विचार करून सांगतो असं या माणसाने कारखान्यात एकदाच म्हटलं होतं, मोठ्या साहेबांचा पंखा परत करताना. बारकीला ते ठाऊक होतं. तिचा चेहरा बघवेना.

"समजलं," ती म्हणाली. "पुढचे चार रविवार घेणार का, ते संध्याकाळपर्यंत स्टेशनला कळवायचं होतं. मी नको म्हणून सांगते." आणि आत निघून गेली.

बाईसाहेबांना काहीच उमगेना. एवढं मनापासून बोललेल्या पोरीला हा माणूस असं का करतो? त्या रागारागाने मला बंद करायला आल्या. बघतात तर माझे दिवे लागलेले, काटा सरळ, आणि आवाजाचा पत्ता नाही. त्यांनी मला पुढे ओढलं. मागे सुटलेली वायर दिसली. त्यांनी ती हातात घेतली. मला 'खोकं' म्हणणाऱ्या त्या बाईला, तुम्हाला सांगतो, सगळं एका क्षणात कळलं.

कानवाले खिडकीशी पाठमोरे उभे होते. बाईसाहेब त्यांच्या मागे जाऊन म्हणाल्या, "अहो, चहा टाकू?" चहाला या माणसाने उभ्या जन्मात नाही म्हटलेलं नाही. ते हलले नाहीत. त्या पुन्हा म्हणाल्या, जरा जवळून. काही नाही. मग त्या वळसा घालून समोर गेल्या आणि वायर दाखवून विचारलं, "किती वर्षं?"

कानवाल्यांनी वायरीकडे पाहिलं. खुर्चीत बसले. "नऊ. नोकरीतली शेवटची दोन वर्षं पंख्याला हात लावून पास करत होतो. थरथर हाताला कळते."

"आणि मी समजत होते तुम्ही माझं ऐकतच नाही!"

"तुझंही ऐकू येत नव्हतं."

"ते नऊ वर्षांचं झालं. त्याआधीचं काय?"

कानवाल्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. बाईसाहेब म्हणाल्या, "मला काय सांगता? आत जा. पोरगी फोन हातात घेऊन बसलीय." मग त्यांनी ते सावकाश, ओठ नीट हलवून पुन्हा सांगितलं. पोरीने काय काय म्हटलं आणि शेवटी काय विचारलं, तेही सांगितलं.

ते बारकीच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. "बारके," ते म्हणाले, "तू जे विचारलंस ते मी ऐकलंच नाही. एक शब्दही नाही. नऊ वर्षं झाली, मला ऐकू येत नाही गं."

बारकीने हातातला फोन खाली ठेवला. "मग मी नऊ वर्षं कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशीच. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

ती उठून त्यांच्या गळ्यात पडली. रडून झाल्यावर मागे सरकली, चेहरा त्यांच्यासमोर आणला आणि म्हणाली, "मग आता तरी सांगा. पास की परत?"

"न तपासता?" कानवाले एकदम ताठ झाले. "न तपासता मी साधा पंखा पास केलेला नाही. म्हणजे, ती शेवटची दोन वर्षं सोडली तर. तू त्यांना हो म्हणून कळव. मी कानाचं मशीन आणतो. मग बघू."

दुसरा रविवार मशीन मिळेपर्यंत निघून गेला. तिसऱ्या रविवारी टेलर आणि औषधवाला वेळेवर हजर झाले. कानवाल्यांच्या दोन्ही कानांत मशीनं होती, आणि ते लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नव्हता. माझी वायर बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने लावली आणि त्या वेळी पहिल्यांदाच बैठकीत येऊन बसल्या. दार उघडंच राहिलं. बटण फिरलं, काटा सरळ झाला.

कानवाल्यांनी लगेच हात वर केला. "थांबा. हे घूं घूं काय आहे?"

"तो उबदारपणा," औषधवाला आदराने म्हणाला.

"कसला डोंबलाचा उबदारपणा! कंडेन्सर गेलाय याचा!" ते उठले, स्पीकरला कान लावला, मग माझ्याकडे वळले आणि डोळे मिटून एकच शब्द बोलले. "परत."

अडतीस वर्षांची सेवा, आणि तिचं हे फळ! टेलर तर खुर्चीतून उठून माझी बाजू घ्यायला निघाला होता. पण तेवढ्यात बारकीचा आवाज आला आणि कानवाले जागच्या जागी खाली बसले. चांगले जमिनीवर, माझ्यासमोर. दहा मिनिटं ते हलले नाहीत. मान डोलली नाही, "वा" नाही, घड्याळाकडे बघणं नाही. ती काय बोलत होती ते आता मी सांगत बसत नाही, ते त्यांनी ऐकलंय. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि मशीन ओलं होईल म्हणून बायकोने त्यांचा हात बाजूला केला.

बारकी घरी आली तेव्हा ते दारातच उभे होते. "सहाव्या मिनिटाला घाई केलीस. 'श' घासून म्हणतेस, तो सुधार. दोन वाक्यांच्या मध्ये श्वासाचा आवाज येतो."

बारकीचा चेहरा फुलत चालला होता. तिच्या चुका काढल्या जात होत्या आणि ती हसत होती.

"बाकी," ते म्हणाले, "पास."

आता मी एका मेकॅनिकच्या टेबलावर पडलोय. झाकण काढलंय, जुना कंडेन्सर शेजारी काढून ठेवलाय, आणि इथलाही माणूस चष्मा लावून काम करतो, तेवढंच जरा घरच्यासारखं वाटतं. चार दिवसांत मी परत जाईन. माझी घूं घूं जाईल, आणि तिच्याबरोबर औषधवाल्याचा माझ्यातला रसही जाईल अशी भीती आहे. जाऊ दे. बैठक सुरू झाल्यापासून सहा वर्षं त्या घरात मला कोणी नावं ठेवली नव्हती आणि मी आपला हुरळून गेलो होतो. एकच माणूस मला 'परत' म्हणाला, आणि तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मला कोणी ऐकतच नव्हतं.

तुमच्याही घरी एखादं जुनं खोकं असेल आणि त्याच्यासमोर बसून घरातलं वडीलधारं माणूस फार मनापासून मान डोलावत असेल, तर कौतुक करत उभे राहू नका. आधी मागची वायर बघा. मग त्यांच्या मागे जाऊन हळूच विचारा, चहा टाकू का?